सोजरमावशीची झांज

भर कीर्तनात ध्रुपदाची ओळ साथीदारांकडे सोपवून चर्चचे पाळक अजिंक्य डावीकडे झुकले आणि चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून हळूच म्हणाले, "मावशी, झांज खाली ठेवा. सगळं बिघडतंय."

धनाजीची ढोलकी टिपेला पोहोचली होती, पेटी भरात होती. सोजरमावशीखेरीज ते शब्द कुणाच्या कानी पडले नाहीत. मावशीनं एकदा पाळकांकडे पाहिलं. मग झांज मांडीवर घेतली आणि आवाज होऊ नये म्हणून पदरात गुंडाळली.

पाळक खोटं बोलले नव्हते. चाळीस वर्षं विड्या वळून मावशीची बोटं आखडली होती. झांज अर्धी मात्रा मागे पडायची. धनाजी थट्टेनं म्हणायचा, मावशीची आजची झांज उद्या वाजतीया. मंडळी हसायची आणि तिच्यासाठी जरा सावकाश गायची. एरवी ते खपून जायचं. पण आज समोर मोबाइल लावला होता. हे रेकॉर्डिंग वार्षिक संमेलनाच्या समितीकडे जाणार होतं. तिथं एकाच कीर्तनकाराला बोलावणं येतं, आणि अजिंक्य पाळक दोन वर्षं त्या बोलावण्याकडे डोळे लावून होते. आवाज स्वच्छ यावा म्हणून ऐन एप्रिलात त्यांनी पंखेसुद्धा बंद करायला लावले होते. भवानी पेठेतलं ते छोटं चर्च गीतपुस्तकांनी वारा घेत, घाम पुसत बसलं होतं.

पहिल्या रांगेत नेहमीसारखे कल्लप्पा. उभी हयात पॉवरलूमवर गेली. त्या खडखडाटानं दोन्ही कान नेले. तरी एक कीर्तन चुकवायचे नाहीत. ध्रुपद आलं की सगळ्यांच्या वर आवाज लावायचे. बेसूर, अर्धी मात्रा मागे, पण शब्द एकही न चुकवता. नजर कायम पुढे. हा म्हातारा आपल्या तोंडाकडे बघून गातो, याचं पाळकांना मोठं अप्रूप होतं. पाहुणे आले की ते सांगायचे, आमच्या कीर्तनात बहिऱ्यालाही ऐकू येतं.

पुढचं ध्रुपद सगळ्यांनी उचललं. 'एकासाठी मागे फिरला, मेंढपाळ माझा.' ठेका आता कसा सरळ पडत होता. कल्लप्पांचा आवाज त्यात नव्हता. पाळकांना ते बरंच वाटलं.

शंभरांतल्या हरवलेल्या एका मेंढराचं आख्यान रंगलं. पाळकांच्या गळ्यात मोठी जादू होती. दिवस कलला म्हटलं की लोकांना दिवस कललेला दिसायचा. मेंढपाळ मेंढरांच्या वाडग्याच्या दारात उभा राहिला. एकेक मेंढरू आत घेऊ लागला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. कुणाच्या लक्षात आलं नाही, पण पाळकांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. सोजरमावशी उठली आणि बाजूच्या दारानं बाहेर गेली.

"सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव," पाळक गात होते. तेवढ्यात कल्लप्पा उठले. टोपी डोक्यावर ठेवली आणि भर कीर्तनातून, सगळ्यांच्या देखत, त्याच दारानं चालते झाले.

पाळकांना एकदम उमगलं. लूमवरची माणसं! मागांच्या आवाजात कुणाला काय ऐकू येणार? ती ओठ वाचून बोलतात. चार मागांपलीकडचा माणूस काय म्हणाला ते त्यांना बरोबर कळतं. ढोलकीनं झाकलेलं ते वाक्य कल्लप्पांनी पहिल्या रांगेतून वाचलं होतं. हसऱ्या तोंडासकट.

"नव्याण्णव," पाळक म्हणाले, आणि पुढचा सूर लागेना.

मोबाइल चालू होता. एक खाकरा, एक आलाप, की सगळं निभावून गेलं असतं. आख्यानातला मेंढपाळ मात्र रानाकडे तोंड करून खोळंबला होता. पाळकांनी हातातल्या चिपळ्या पेटीवर ठेवल्या. पायऱ्या उतरले आणि बाजूच्या दारानं बाहेर पडले.

मंडळींना वाटलं, हे आख्यानातलंच. काय सुंदर केलं पाळकसाहेबांनी, असं कुणी पुटपुटलंही. धनाजीनं ठेका धरला आणि सारं चर्च ध्रुपद गाऊ लागलं. मोबाइल रिकाम्या जागेचं रेकॉर्डिंग करत राहिला.

सोजरमावशी नळावर चहाचे ग्लास विसळत होती. झांज अजून पदरातच होती. पाळक तिच्यासमोर उकिडवे बसले.

"मावशी, चुकलो मी. चला आत."

"पर हात मागं पडतोय की, पाळकसाहेब. तुमी काय खोटं बोलला न्हाय."

"पडू द्या. आम्ही थांबू."

मावशीनं ओले हात लुगड्याला पुसले. मग पदराची गाठ सोडू लागली.

चार पावलांवर कल्लप्पा चपलांच्या ढिगात आपला जोड शोधत होते. पाळक उठून त्यांच्यापुढे गेले, हात जोडले आणि वाचता यावं म्हणून एकेक शब्द सावकाश म्हणाले, "मावशीला मी जे बोललो ते तुम्ही पाहिलंत. मला माफ करा."

कल्लप्पा गोंधळून बघत राहिले. मग बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "मी कुटं तुमच्या तोंडाकडं बघतोय? मी गातो ते सोजरबाईच्या हाताकडं बघून. हात थांबला, बाई उठून गेली, म्हटलं, संपलं कीर्तन."