शतरूपेचं लग्न

विश्वंभर अधिक महिन्याची पोथी वाचत होता आणि साखरा गावच्या मारुतीच्या मंदिरात बायकांनी डोळ्यांना पदर लावले होते. मनू आणि शतरूपा, जगातलं पहिलं जोडपं, लेकीला सासरी धाडत होतं. शतरूपेनं लेकीला लुगडी, दागिने, भांडीकुंडी सारं दिलं. लेकीच्या डोक्यावर हात ठेवताना मनूला रडू आवरेना.

"थांब जरा," खांबाशी बसलेल्या शकुंतलाबाई म्हणाल्या. शाळेत खिचडी शिजवणारी ही पन्नाशीची विधवा पोथीत कधी मधे बोलायची नाही. "लेकीला एवढं आंदण देलं. पर शतरूपेच्या लग्नात तिला कोणी काय देलं?"

विश्वंभरनं दोन पानं मागं उलटली. मग आणखी चार.

"तिचं लग्न लिहिलेलंच न्हाई."

"कायबी न्हाई?"

"ब्रह्मदेवाच्या देहाचे दोन भाग झाले. एक मनू, एक शतरूपा. अन् संसार सुरू. एवढंच हाय."

गेल्या दोन अधिक महिन्यांत त्यानंच ही पोथी वाचली होती. हा प्रश्न त्याला पडला नव्हता.

पुरुषांच्या बाजूला माणिकराव खाकरले. विश्वंभरनं मान वर केली नाही. आठ दिवस तो वडलांशी बोलत नव्हता. बायको जाऊन सहा वर्षं झाल्यावर, बासष्टाव्या वर्षी, माणिकरावांनी शकुंतलाबाईंशी लग्न करायचं मनावर घेतलं होतं. "लोक काय म्हनतील?" एवढं विचारून विश्वंभर उठला होता आणि तेव्हापासून आपलं ताट वेगळ्या खोलीत नेत होता.

"विश्वंभर," माणिकराव सगळ्यांदेखत म्हणाले, "मनूच्या लग्नात वऱ्हाड किती व्हतं?"

"आबा, जगात दोघंच व्हते. वऱ्हाड कुठून येनार?"

"म्हंजे नावं ठेवायला बी कोनी नव्हतं."

मंदिर हसलं. शकुंतलाबाईंनी मान खाली घातली. माणिकराव मात्र हसत नव्हते. ते पोराच्या उत्तराची वाट बघत होते, आणि ते विश्वंभरला दिसलं.

त्यानं पोथी मिटली.

"तवा मानसंच नव्हती, म्हून तसं झालं," तो म्हणाला. "आता गाव भरलेलं हाय. बिनवऱ्हाडाचं लगीन मी होऊ देनार न्हाई, आबा."

मग पुढं बसलेल्या म्हाताऱ्या सखुबाईंनी टाळी वाजवली. "अगं बया! होकार देऊन राहिला पोरगा!"

एकदम गलका उठला. कुणी तिथी विचारली, कुणी वाजंत्री ठरवायला निघालं.

"वऱ्हाड तिकडचंच भरंल," शकुंतलाबाई हळूच म्हणाल्या. "माझ्याकडून कोन हाय? नवरदेवाचा कान पिळायला भाऊ सुद्धा न्हाई."



विश्वंभर उठला. पुरुषांच्या बाजूनं चालत बायकांच्या बाजूला गेला आणि शकुंतलाबाईंच्या शेजारी मांडी घालून बसला.

"मी तुमच्याकडून," तो म्हणाला. "कान मीच पिळनार. आठ दिवसांचा राग हाय."

माणिकरावांनी टोपी काढली, डोळे पुसले, आणि तिथूनच कान पुढं केला.