केशरी जास्वंद

दिवसभर डाळिंबाच्या फुलाफुलावर परागाचा कुंचला फिरवून कुमुदताई घरी आल्या, तेव्हा त्यांची मान पार आखडली होती. परसात धुण्याच्या दगडापाशी, कुणीच न लावलेल्या रोपाला केशरी फूल आलं होतं. जास्वंदीसारखं, पण असलं कधी न पाहिलेलं.

लेकीनं, रेवतीनं, पाकळी वंश ओळखणाऱ्या यंत्रात धरली. "आई, ही आपल्याच तांबड्या जास्वंदीची लेक. बाप मात्र टेकडीपलीकडच्या देवळातली पिवळी. तिथला पराग तू आणलास?"

"मी? बागेतल्या कामानंच जीव जातोय. घरच्या फुलांवर कधी कुंचला फिरवू?"

"मग कुणी आणला?"

कुमुदताई दगडावर टेकल्या. हातातला कुंचला त्यांनी बाजूला ठेवला.

"आली एकदाची! पंचवीस वर्षं स्वतःचं काम माझ्या मानेवर टाकून कुठे उलथली होती गं मधमाशी?"