अद्वयचं वाक्य

इंग्रजी भाषाविज्ञानात एमए करणाऱ्या स्पृहाचा प्रबंध अडखळत बोलणाऱ्यांच्या मानसशास्त्रावर होता. गेल्याच आठवड्यात विद्यापीठात तिनं ठासून सांगितलं होतं की अशा माणसाचं वाक्य दुसऱ्यानं पुरं करू नये. त्यावर टाळ्याही पडल्या होत्या. आज धाकट्या भावासाठी, अद्वयसाठी, मुलगी बघायला घरचे पेणहून रोह्याला आले होते. चहा झाल्यावर मुलीनंच विचारलं, “लग्नानंतर कुठं राहायचं ठरवलंय?” “मला पे… पे…” अद्वयचे शब्द अडकले. “पेणलाच राहायचंय त्याला,” स्पृहा चटकन म्हणाली. मुलगी म्हणाली, “ताई, त्यांना बोलू द्या. मला घाई नाय.” अद्वय पुन्हा अडखळला. कुणी मध्ये बोललं नाही. “मला पे… पेण सोडायचंय.” स्पृहाला शरमेनं कुणाकडे बघवेना. लहानपणापासून तिनं त्याची अशी कितीतरी वाक्यं पुरी केली होती, आणि त्यानं दरवेळी मुकाट्यानं मान डोलावली होती.