हुडकेश्वरचा समुद्र

"आजी, पाण्याले हात नोको लावू वं!"

मेघा ओरडली तशी तुळसाबाईंचा हात काचेच्या कडेवर थबकला. मिरच्यांचे देठ खुडता खुडता त्या उठून टाकीपाशी आल्या होत्या. केशरी मासा अगदी वर आला होता, त्याला बोट लावून पाहावं, एवढंच मनात होतं. मेघा तर तोवर पुन्हा डोळ्याला नळी लावून पाण्याचं खारेपण मोजायला लागलीसुद्धा. तुळसाबाईंनी न भिजलेला हात पदराला पुसला आणि त्या मागं सरकल्या.

एरवी त्यांना नातीचं कोण कौतुक! नागपुरातल्या हुडकेश्वरच्या या घरात, किनाऱ्यापासून शेकडो कोस दूर, या पोरीनं समुद्र मांडला होता. पाच फुटांची काच, चारशे लिटर पाणी. आधी ते गाळून बेचव केलं, मग समुद्राचं मीठ तराजूवर तोलून त्यात विरघळवलं. दगड रचले आणि सहा आठवडे एकही मासा न सोडता नुसती थांबली. शेजारचे भैयाजी रोज फाटकातून विचारत, "काय गा रवींद्र, पोरीनं दगड पाळले का?" मेघाचे बाबा ओशाळायचे, मेघा हसायची. डोळ्यांना न दिसणारे जीव आधी दगडांवर वसू द्यायचे, त्यांनी पाणी राहण्याजोगं केलं की मग बाकीच्यांनी यायचं, हे तिनं आजीला नीट समजावलं होतं. सातव्या आठवड्यात मासे आले, मागोमाग प्रवाळ आले. जांभळे, हिरवे, पाण्यात हलके झुलणारे. ते पाहून भैयाजींनी तोंडात बोट घातलं. बाहेर सेहेचाळीस डिग्री आणि टाकीत सव्वीस! आजीला खुर्चीत बसून दिसावं म्हणून टाकीखालचा ओटाही तिनं मुद्दाम बुटका बांधून घेतला होता. अशी पोर.

आणि त्याच पोरीनं ते वाक्य म्हणावं.

तुळसाबाईंनी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या. भिवापूरकडच्या त्यांच्या गावात विहिरीपासून दहा पावलांवर घागर ठेवून उभं राहायचं. कोणाला दया आली तर वरून ओतणार, नाहीतर ऊन डोक्यावर येईस्तोवर वाट पाहायची. एकदा तहान सोसवेना म्हणून त्या पुढं गेल्या, तर आधी ते शब्द आले आणि मागून दगड आला. छप्पन साली पांढरं लुगडं नेसून त्या बापाबरोबर नागपुरात आल्या, दीक्षा घेतली. परतताना त्यांनी मनाशी एक नेम केला. माझ्या घरात हे वाक्य कोणाच्या कानावर पडणार नाही. पुढं मुलगा रवींद्र शिकला, मेघा शिकली, दोघांनी अशा विहिरींबद्दल पुस्तकांत वाचलं. पण तशाच एका विहिरीवर दगड खाल्लेली मुलगी आपण होतो, हे तुळसाबाईंनी त्यांना कधी सांगितलं नाही.

मेघानं हटकलं त्याच दिवशी त्यांनी आपली खुर्ची टाकीपासून दूर, दाराशी नेली.

"काहून दूर बसून राहिली वं आजी?" मेघानं विचारलं.

"इथं उजेड चांगला येते," त्या म्हणाल्या.

खरं सांगावं तर पोरीच्या जिवाला लागेल. न सांगावं तर आपण आपल्याच घरात पुन्हा दहा पावलं लांब. त्यांना धड जेवण जाईना. सत्तर वर्षं उंबऱ्याबाहेर अडवून धरलेलं ते वाक्य अखेर घरात शिरलं, आणि तेही लाडक्या नातीच्या तोंडून, हे त्यांना काही केल्या सोसत नव्हतं.

आठवड्याभरानं, भर दुपारी, त्या घरात एकट्याच होत्या. पाणी खेळवणारा पंप काचेवरून सुटला, तळाशी पडला आणि वाळू उधळायला लागला. बघता बघता टाकी ताकासारखी पांढरी झाली. प्रवाळांवर वाळूचा थर चढू लागला. तुळसाबाईंनी घाबऱ्याघुबऱ्या मेघाच्या ऑफिसात फोन लावला आणि स्पीकर चालू करून तो स्टुलावर ठेवला.

"प्लग काढ आधी. काढला? आता हात घाल अन् पंप बाहेर घे. मंग प्रवाळावरची वाळू हळूहळू हातानं सार. लवकर कर आजी, मरून जातील ते!"

तुळसाबाई प्लग काढून टाकीपाशी आल्या आणि तिथंच थांबल्या.

"माझा हात?"

"मंग कोणाचा? घरात दुसरं कोण आहे?"

"तूच तर म्हणली होती मले, हात नोको लावू."

"अवं, मिरच्या खुडून आली होती ना तू! झोंबलं असतं ना त्याईले. आज नाही ना खुडल्या? मंग त्यात काय एवढं? घाल वं लवकर!"

तुळसाबाईंनी हात घातला. मनगट बुडालं, कोपर बुडालं, पार खांद्यापर्यंत बाही भिजली. पंप हाताला लागला, तो त्यांनी वर काढला. मग पुन्हा हात घालून एकेका प्रवाळावरची वाळू त्या बोटांनी सारू लागल्या, तान्ह्या बाळाच्या डोक्यावरून हात फिरवावा तशा. पाणी निवळत गेलं. मासे कोपऱ्यातून बाहेर आले.

"जमलं का वं आजी?" फोनमधून मेघा विचारत होती. "बोल ना! काय झालं?"

तुळसाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. त्यात काय एवढं, असं विचारत होती पोरगी! त्यात काय असतं हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. पाण्याला हात लावू नको, हे मेघाला इतक्या सहज म्हणता आलं, कारण तिला स्वतःला ते जन्मात कधी कोणी म्हटलंच नव्हतं.