नातीची एसटीएल फाइल

इचलकरंजीच्या भूपालअण्णांना दिसत नव्हतं. मंगळावर राहणारी लेक पद्मजा हिने तान्ह्या नातीची फाइल पाठवल्याचं फोनने सांगितलं. पण फोनला ती वाचून दाखवता येईना आणि तिच्यातून आवाजही येईना.

"फोटोच असणार," अण्णा शेजारच्या रेहानाला म्हणाले. "बापाला दिसत नाही, हे पोरगी विसरली." मंगळावर जन्मलेल्या मुलांची हाडं पृथ्वीवरचं वजन सोसत नसत, त्यामुळे नात कधी घरी येणारही नव्हती.

रेहाना थ्रीडी प्रिंटरवर यंत्रमागांचे सुटे भाग छापून द्यायची. तिने फाइलचं नाव पाहिलं. "अण्णा, फोटोच्या नावाशेवटी जेपीजी असतं, गाण्याच्या एमपी-थ्री. हिच्या शेवटी एसटीएल आहे. म्हणजे हिच्यात वस्तूचा आकार आहे. ही बघायची नाही, छापायची."

संध्याकाळी तिने छापलेला चेहरा अण्णांच्या ओंजळीत ठेवला. तो अजून ऊबदार होता. त्यांची बोटं कपाळावरून गालांवर उतरली आणि नाकाशी थांबली.

"नाक माझ्या आईचं घेतलंय," ते हसून म्हणाले. मग त्यांनी फोनवर निरोप सांगितला, "पद्मजा, पोरीला पाहिलं. पुढच्या महिन्यात पुन्हा पाठव. या वयात चेहरे लवकर बदलतात."