लांबचा पल्ला

धनेश परत अमेरिकेला निघाला होता. त्याची बॅग भरता भरता गंगुबाईंनी चष्मा लावून तिकीट वाचलं. मुंबईहून दुपारी दोनला उडालेलं विमान सॅन फ्रान्सिस्कोला संध्याकाळी सहाला उतरणार होतं, त्याच दिवशी.

"चारच तास? आपल्या कणकवलीला एसटीने अख्खी रात्र जाते. आणि तू सगळ्या डिलाईल रोडला सांगत फिरतोस, लय लांब आहे म्हणून."

धनेशला हसू आवरेना. "आई, तिथलं घड्याळ आपल्या मागे असतं गं. येताना उलटं होतं. आज निघालो तर परवा पोचतो."

गंगुबाईंनी कोकमांच्या पिशवीला आणखी एक गाठ मारली.

"तरीच म्हटलं. जायला चार तास आणि यायला चार गणपती."