पिवळी नळी

चिलोए बेटाच्या किनाऱ्यावर निबाल्दो शिंपल्यांसाठी बुडी मारायचा आणि त्याचा भाऊ एलियासेर होडीतून हवेची नळी धरायचा. तीन हिसके म्हणजे 'वर ओढ'.

त्या दिवशी हिसके बसले तेव्हा एलियासेर म्हणाला, "थांब रे, चहा तरी संपवू दे."

प्रेत वर आल्यावर तो आईला म्हणाला, "हिसका आलाच नाही गं."

ती पिवळी नळी त्याला फेकवेना. किनाऱ्यालगतच्या जंगलातल्या घसरड्या उतारावर पर्यटकांच्या आधाराला त्याने ती झाडाला बांधली.

आज तो वर झाडापाशी नळी धरून उभा होता. ती धरून उतरणाऱ्या एक बाई मध्येच थांबल्या. "दादा, खालून कोण ओढतंय? तीनदा ओढलं."

खाली नळीचं मोकळं टोक शेवाळावर पडलं होतं.

"छे हो. हिसका आलाच नाही," एलियासेर म्हणाला.

टोक सरपटत समुद्राकडे निघालं, आणि त्याच्या मुठीतली नळी ताठ झाली.